या कानाचं त्या कानाला कळू नये

मित्रांनो, माणसाचा कान किती बारीक आवाज टिपतो हे मोजणारा मी एक जुना ऑडिओमीटर आहे. नाव ऐकून बिचकू नका. दिसायला मी अगदी साधा आहे. लहान सुटकेसएवढं पत्र्याचं अंग, त्यावर दुधी रंग, समोर फिरवायचे दोन नॉब, दोन बटणं आणि मागून निघालेली हेडफोनची लांब वायर. हेडफोनची उजवी वाटी लाल, डावी निळी. कडांचा रंग आता उडाला आहे, पण नॉबभोवतीचे आकडे अजून स्वच्छ वाचता येतात. त्याचा मला अभिमान आहे.

माझं काम समजायला सोपं आहे. एका नॉबनं आवाज जाड किंवा बारीक होतो, दुसऱ्यानं लहान किंवा मोठा. लाल बटण दाबलं की आवाज उजव्या कानात जातो, निळं दाबलं की डाव्या. ऐकू आलं की समोरच्यानं हात वर करायचा. तपासणारा कागदावर खुणा करत जातो. खुणा जोडल्या की रेघ तयार होते. रेघ वर राहिली तर कान चांगला, खाली घसरली तर कानाला कमी ऐकू येतं.

पण आवाज काढणं हे माझं अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं काम गप्प बसण्याचं. डाव्या कानात आवाज सोडला असेल तेव्हा उजव्या वाटीत चिडीचूप शांतता हवी. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. कळलं, तर माझी सगळी मोजणी खोटी ठरते.

ही राखण माझ्या पोटातली एक चिप करते. ती बोटाच्या पेराएवढी, काळी आहे. तिला दोन्ही बाजूंना आठ-आठ पाय आहेत. तिच्या आत चार दारं आहेत. त्यांना कडी नाही, बिजागरी नाही. विजेचा इशारा मिळाला की ती उघडतात, इशारा बदलला की मिटतात. आवाजानं कोणत्या वाटेनं जायचं हे ती दारं ठरवतात. तिला स्विच चिप म्हणतात. माझी गोष्ट या चिपेपाशी येऊन पुढे वळली, म्हणून तिची ओळख आधीच करून दिली.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथं लांब टेबलाशी बसून बायका एकेक भाग वितळत्या कथलानं हातानं डागत असत. शेवटी मला एका जाड भिंतींच्या खोलीत नेलं. तिथं एका माणसानं माझे दोन्ही कान, म्हणजे दोन्ही वाट्या, खूप वेळ तपासल्या आणि माझ्या पाठीवर हिरवा शिक्का मारला. त्या शिक्क्यानं माझी छाती फुगली, ती हिंगोलीला पोहोचेपर्यंत तशीच होती.

हिंगोलीत मी एका कानाच्या डॉक्टरांकडे राहिलो. माझ्यासमोर कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य घालवलेले कामगार बसले, लग्नाच्या वरातीत बेंजो वाजवणारे बसले, फटाका जवळ फुटलेली लेकरं बसली. मी कोणाला लहान-मोठं मानलं नाही. ज्याच्या कानात जे होतं तेच सांगितलं. डॉक्टर लोकांना म्हणायचे, "माझ्यावर विश्वास नसला तरी चालेल, याच्यावर ठेवा." असं म्हणून ते माझ्यावर थाप मारत. त्या थापेला मी चटावलो होतो.

मग दवाखान्यात संगणकाला जोडलेलं नवं यंत्र आलं आणि मला कपाटावर चढवलं. थोड्या दिवसांनी माझ्या डोक्यावर टेबलपंखा आला. पंखा फिरायचा तेव्हा माझं सगळं अंग थरथरायचं. आवाज मोजणाऱ्यानं पंख्याचा पाट व्हावं, यासारखं दुसरं दुःख नाही मित्रांनो. धूळ बसली, वायरीला पीळ पडला. खाली माणसं येत, कान तपासून जात. मी वरून ऐकत असे.

तिथून मला रत्नपाल सरांनी उतरवलं. सर हिंगोलीचेच. बाहेर शिकून श्रवणतज्ज्ञ झाले, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचं शिक्षण घेतलं, आणि पुन्हा आपल्याच जिल्ह्यात आले. त्यांना खेडोपाडी जाऊन मुलांचे कान तपासायचे होते. डॉक्टरांनी मला त्यांच्या हवाली केलं. सरांनी ओल्या फडक्यानं मला पुसलं, वायरीचे पीळ काढले, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि ते मोठ्यानं म्हणाले, "अरे, हा तर पक्का आहे की अजून!"

तेव्हापासून मी गावं पाहिली. जीपच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून बसायचं आणि शाळेत पोहोचलं की टेबलावर मानानं विराजमान व्हायचं. सर दरवर्षी माझी मोजमापं तपासून आणत. शिबिराच्या सकाळी मी आधी त्यांच्या कानाला लागत असे, मग मुलांच्या.

सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला असलेल्या एका वाडीच्या शाळेत आमचं शिबिर होतं. दिवाळी होऊन गेली होती. रानात कापूस फुटला होता. दुपारी शाळेतली लाईट गेली आणि परत आली ती अशी जोरात, की वर्गातला बल्ब पांढराफेक झाला आणि पंखा घरघरला. मलाही एक झटका बसला. माझ्यावरचे दिवे विझले, पुन्हा लागले. सरांनी माझी बटणं दाबून पाहिली. दोन्ही वाट्यांत आवाज येत होता. रांग बाहेर उभी होती. सरांनी पुढच्या मुलीला बोलावलं.

तिचं नाव रागिणी. तिसरीत होती. भुजंगराव आणि सिंधूबाई या मेंढपाळ जोडप्याची ही एकुलती एक लेक. वडील दाराशी उभे राहिले. आई लेकीच्या बाजूला खाली बसली.

"काय तकलीफ आहे?" सरांनी विचारलं.

"तकलीफ कायची?" भुजंगराव म्हणाले. "हाक मारली तं ओ देत न्हाई. मनात आलं तं येती, न्हाई तं बसती. शाळेतबी तेच. मास्तर म्हणते, ध्यान न्हाई पोरीचं. आता आठ दिवसांत कळप घेऊन वऱ्हाडाकडं निघून राहिलो आमी. म्हणलं, शाळेत मन लागत न्हाई तं चल मेंढरांमागं."

सिंधूबाई हळूच म्हणाल्या, "सर, एकडाव बघा तुमी. लेकरू तसं न्हाई हो."

सरांनी रागिणीला हेडफोन घातला. वाट्या तिच्या लहानशा डोक्याला सैल होत होत्या. लाल बटण दाबलं. अगदी बारीक आवाजालाही तिचा हात वर गेला. उजवा कान उत्तम. मग निळं बटण. आवाज थोडा वाढवावा लागला, पण हात वर गेलाच. पुन्हा दिला, पुन्हा गेला.

"दोन्ही कान जवळपास बराबर दिसतात," सर म्हणाले.

"मंग म्या काय म्हणलं व्हतं?" भुजंगराव बायकोकडे पाहत बोलले. "कान चांगले हायेत. आयकायचंच न्हाई तिला."

रागिणीनं मान खाली घातली. त्यासरशी निळी वाटी घसरून तिच्या मानेपाशी गेली. सरांचं लक्ष माझ्या नॉबवर होतं. त्यांनी खात्रीसाठी निळं बटण आणखी एकदा दाबलं. रागिणीचा हात वर गेला.

"सर, थांबा!" सिंधूबाई एकदम म्हणाल्या. "निळं तं कानावर न्हाईच! मंग हिनं आयकलं कशानं?"

 सरांनी पाहिलं. खरंच, डावा कान उघडाच होता. त्यांनी हेडफोन काढून स्वतः घातला, निळी वाटी हातानं दूर धरली आणि निळं बटण दाबलं. आवाज लाल वाटीतून येत होता. डाव्या कानाचं सगळं उजव्या कानाला कळत होतं. जो कान चांगला होता तो दोघांच्या वतीनं उत्तर देत होता.

माझ्या आतलं एक दार निकामी झालं होतं. मला ते कळत होतं, पण बोलायला मला तोंड नाही.

सरांनी केलेल्या खुणांवर तिरकी काट मारली. "भुजंगराव, आजची तपासणी खरी धरू नका. यंत्र बिघडलंय. नीट करून आणतो, मग पुन्हा बघू. तोवर पोरीला काही बोलू नका."

"कळप हालायच्या आदी झालं तं बरं," भुजंगराव म्हणाले. "न्हाई तं ती आमच्यासंगं चालली."

"नांदेडला नेता येईल का तिला? तिथं मोठी यंत्रं आहेत."

"भाऊ पुढं चारा बघाया गेलाय. मेंढरं कोणाच्या भरवशावर टाकू, सर?" ते रागानं नाही, थकून म्हणाले.

हिंगोलीत परत आल्यावर सरांच्या ओळखीचे एकजण म्हणाले, "भंगारात घाला आता याला." नवं यंत्र यायला कितीतरी अवकाश होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मांडीवर बसून जीपनं गोरेगावला निघालो.

गोरेगावात सुकन्याताईंचं दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून त्यांनी गावातच दुरुस्तीचं काम सुरू केलं. लग्नाचे अँप्लिफायर, वजनकाटे, इन्व्हर्टर, फवारणीचे पंप, सगळं त्यांच्या टेबलावर येतं. ऑडिओमीटर मात्र पहिल्यांदाच आला होता. मला वाटलं, या घाईनं स्क्रू काढतील. पण त्यांनी आधी सरांना समोर बसवलं.

"आधी सांगा सर, हे चांगलं असताना काय करतं? आणि आता काय करून राहिलं?"

सरांनी सगळं सांगितलं. मेंढपाळाच्या लेकीचंही सांगितलं. मग सुकन्याताईंनी माझं झाकण उघडलं. किती वर्षांनी माझ्या पोटात उजेड पडला! त्यांनी निळं बटण दाबून धरलं आणि लाल वाटीच्या वाटेवर आपल्या स्कोपची, म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, सुई टेकवली. पडद्यावर सपाट रेघ यायला हवी होती. आली ती लाटालाटांची.

"हे बघा सर. धरणाच्या कालव्याचं दार खाली टाकलं, पण खालून पाणी चाललंच आहे. तसं झालंय. दार मिटलंय, पण मिटलेलं नाही. या चिपेचा निकाल लागलाय."

त्यांनी भिंग धरून चिपेच्या पाठीवरचा पुसट नंबर वाचला. २०१ होता. ही जुनी जात आता मिळणं अवघड. कोणी जुना साठा म्हणून विकली तरी आत काय असेल याचा भरवसा नाही. 

सरांचं लक्ष टेबलावरच्या खणाकडे गेलं. त्यात तशाच काळ्या चिपा होत्या. "यातली नाही चालणार? हीपण स्विच चिपच आहे ना?"

"व्हय, ही ४०६६. हीसुद्धा दारंच उघडते-मिटते. माझ्याकडं भरपूर आहेत. पण हिला पाय चौदा, आपल्याला लागतात सोळा. तेही एक वेळ वायरी ओढून जमवता येईल. खरी अडचण विजेची. तुमच्या या यंत्रात शून्याच्या वर पंधरा व्होल्ट आहेत आणि शून्याच्या खाली पंधरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस झाले. ही जेमतेम अठरा सोसते. लावल्या लावल्या जळेल."

मग त्या मोबाईलवर चिपांची माहितीपत्रकं उघडून बसल्या. एकेकीची कुंडली वाचावी तशा वाचत होत्या. किती वीज सोसते, दार उघडं असताना आवाजाला किती अडवते, मिटलं असताना किती गळू देते, इशारा कसा घेते. सर शेजारी बसून ऐकत होते. मध्येच विचारत होते. शेवटी सुकन्याताईंनी बोट ठेवलं.

"४११. हिला पाय सोळा, जागाही त्याच. वीज सोसते. गळती जुनीपेक्षा कमी. इशाराही जुनीसारखाच घेते. फक्त बारावा पाय निराळा आहे. जुनीत तो रिकामा होता, हिला तिथं पाच व्होल्ट लागतात. ती एक वायर मी देईन."

त्यांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्याला चिप पाठवायला सांगितलं. ती कुरियरनं आली. मी टेबलावर उघडाच पडून होतो. सुकन्याताईंनी पाकीट फाडलं, चिप हातात घेतली, आणि लावण्याआधी भिंगाखाली धरली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"४१२ पाठवलीय."

व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, दोन्ही एकच हो. लावून टाका."

"एक नाहीत," सुकन्याताई म्हणाल्या. "४११ ज्या इशाऱ्याला दार उघडते, त्याच इशाऱ्याला ही मिटते. सगळं उलटं."

सरांना त्यांनी फोन करून सांगितलं. सर लगेच आले. भुजंगरावांचा कळप निघायची वेळ जवळ येत होती. सर म्हणाले, "उलटं असेल तर हेडफोनच उलटा घालू. डाव्याला उजवा म्हणू. काम भागेल."

सुकन्याताई विचारात पडल्या. "भागेल का? तुम्हीच सांगा."

सरांनी डोळे मिटले. मनातल्या मनात तपासणी चालवून पाहिली असावी. मग ते स्वतःच म्हणाले, "नाही भागणार. मी कोणतंच बटण दाबत नाही तेव्हा दोन्ही कानांत शांतता लागते. दारं उलटी वागली तर बटण न दाबता दोन्ही उघडी राहतील. पोरीच्या कानात सारखाच आवाज वाजत राहील. मग तिनं कशाला हात वर केला, मला काय कळणार?"

"बराबर," सुकन्याताई म्हणाल्या. "इशारे उलटे करणारी आणखी एक चिप मध्ये घालता येईल. पण मी एक जोड वाढवली की बिघडायची एक जागा वाढली. अन् उद्या हे दुसऱ्या कोणी उघडलं तर त्याला काही उमगणार नाही. लेकराच्या कानाचा सवाल आहे. जी लागते तीच लावू."

मित्रांनो, मी वर्षानुवर्षं खरं तेच सांगत आलो आहे. माझ्या पोटात काही तरी चालवून घेतलेलं बसवायचं नाही, असं माझ्यासमोर दोन माणसं ठरवत होती. त्या दिवशी मला माझ्या जन्माचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा हिरव्या शिक्क्यानंही वाटला नव्हता.

सुकन्याताईंनी व्यापाऱ्याला पुन्हा फोन केला. चिपेवरचा नंबर त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, तिचा फोटो मागवला, आणि चिप त्या संध्याकाळच्याच ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायला लावली. सकाळी हिंगोलीच्या स्टँडवर जाऊन त्यांनी स्वतः ती ताब्यात घेतली आणि सरांना सोबत घेऊन त्या दुकानात परतल्या.

जुनी चिप त्यांनी पाय तापवून हळुवार सोडवली. तिच्या जागी आधी चिप खोचायची एक बैठक डागली, म्हणजे पुढे कधी चिप बदलायची झाली तर पुन्हा पोळावं लागू नये. बाराव्या पायाला पाच व्होल्टची पिवळी वायर दिली. मग नवी चिप बसवली. निळं बटण दाबलं, लाल वाटीच्या वाटेवर सुई टेकवली. पडद्यावर रेघ आली. सपाट, ताणून बांधलेल्या दोरीसारखी.

"बघा सर!" सुकन्याताई हसल्या.

सरांनी लगेच हेडफोन घातला नाही. आधी त्यांनी आपलं आवाज मोजायचं मीटर काढलं. नवी चिप आवाजाला कमी अडवते, तेव्हा माझे आकडे पूर्वीचेच राहिले आहेत का, हे त्यांनी प्रत्येक पट्टीत तपासलं. किंचित फरक होता, तो त्यांनी आतला स्क्रू फिरवून काढून टाकला. झाकण लागत होतं तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. सिंधूबाईंचा आवाज मलाही ऐकू आला.

"सर, आज निघालो आमी. पुढच्या गावाच्या शिवारात कळप बसवणार हाये. लेकरू संगं हाये. तुमचं मशीन झालं का न्हाई?"

"झालंय," सर म्हणाले. "तुम्ही येऊ नका, आम्हीच येतो."

सुकन्याताईंनी दुकानाचं शटर ओढलं आणि एक चार्ज केलेला इन्व्हर्टर जीपमध्ये ठेवला. "गावातली लाईट याला आता लावायची नाही," त्या म्हणाल्या. मला पुन्हा चादरीत गुंडाळलं.

कळप शिवशंकर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात बसला होता. खतासाठी त्यानंच मेंढरं बोलावली होती. मेंढरांची बें-बें, कुत्र्यांचं भुंकणं, जवळून जाणारे ट्रॅक्टर. अशा गलबल्यात बारीक आवाज कसा मोजणार? सर इकडेतिकडे पाहत होते.

"खोली पाहिजे का?" शिवशंकरनं विचारलं. "एक हाये, पण तिच्यात कापूस भरलाय. बसायलाबी जागा न्हाई."

सर त्या खोलीत गेले. तिन्ही भिंतींना छतापर्यंत वेचलेला कापूस रचला होता. त्यांनी टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी विरून गेली. दार लोटल्यावर बाहेरचा कळपही जणू लांब गेला. सर आनंदानं म्हणाले, "मोठ्या शहरात अशी खोली मुद्दाम बांधतात!"

दाराजवळचा थोडा कापूस बाजूला सारून मला एका पेटीवर ठेवलं. समोर रागिणी बसली. या वेळी सरांनी डोक्यावरच्या पट्टीखाली कापसाचा पेळू लावून हेडफोन पक्का बसवला, आणि सिंधूबाईंना सांगितलं, "ताई, तुमचं लक्ष वाट्यांवर ठेवा. मागच्या वेळी तुम्हीच पकडलं."

लाल बटण. बारीक आवाज. हात वर. आणखी बारीक. हात वर. रागिणी हसत होती, तिला हा खेळ वाटत होता.

मग निळं बटण. हात खालीच राहिला. सरांनी आवाज वाढवला. हात खालीच. आणखी वाढवला. मी निळ्या वाटीत चांगला बोलत होतो, आणि लाल वाटीत माझा श्वासही नव्हता. माझी नवी चिप दार घट्ट लावून उभी होती. आवाज फार मोठा झाला की तो डोक्याच्या हाडातून पलीकडच्या कानाला पोहोचतो, म्हणून सरांनी उजव्या कानात पावसासारखी खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवलं आणि डाव्या कानाला पुन्हा विचारलं. माझी चारही दारं आपापल्या कामावर होती. डाव्या कानाचं उत्तर आलं नाही.

रागिणीनं आईकडे पाहिलं. "संपलं का? आता वाजतच न्हाई."

सरांनी हेडफोन काढला. कागदावर लाल रेघ वर होती, निळी पार तळाशी गेली होती. त्यांनी तो भुजंगरावांना दाखवला. "उजवा कान एकदम चांगला. डाव्या कानाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पोरगी हट्टी नाही, भुजंगराव. तुम्ही डाव्या बाजूनं हाक मारत असाल, तर ती तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. अन् कुठून आवाज आला हेही तिला नीट उमगत नसणार."

 भुजंगराव लेकीच्या पाठीमागून डाव्या बाजूला गेले, खाली वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "रागिणी." ती कापसाचा पुंजका हातात घेऊन फुंकत होती, तशीच फुंकत राहिली. ते उजव्या बाजूला आले. "रागिणी." ती झटकन वळली. "काय, बाबा?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्या काहून इतके दिवस..." एवढंच ते म्हणाले. 

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "सिंधू, तू लेकराला घेऊन घरी जाय. अवंदा कळप म्या अन् भाऊ नेतो."

"तुमची भाकर?" सिंधूबाईंनी विचारलं.

"करीन म्या. येती मला."

"येती म्हणं!" सिंधूबाई डोळे पुसत हसल्या. शिवशंकरही हसला.

पुढे सरांनी रागिणीला नांदेडच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. डावा कान परत येणार नाही असं त्यांनी सांगितलं. वाईट वाटलं, पण खरं कळलं होतं, आणि खरं कळल्यावर माणसाला वाट काढता येते. आता शाळेत ती डावा खांदा भिंतीला लावून पहिल्या बाकावर बसते. उजवा कान मास्तरांकडे असतो. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे मान वळवून पाहायची तिला सवय लागली आहे. मास्तर रत्नपाल सरांना भेटले तेव्हा म्हणाले, "ती पोरगी पाढे म्हणायला लागली की थांबवावी लागते."

सरांकडे आता नवं यंत्र आलं आहे. ते खोलीत राहतं. गावात मात्र अजून मीच जातो. त्या दिवसापासून सर प्रत्येक मुलाच्या आधी एक वाटी हातानं दूर धरून माझी शांतता ऐकतात. कोणी आपली इतकी परीक्षा घ्यावी याचं मला वाईट वाटत नाही. उलट ताठ मानेनं ती देतो. सध्या आमचं शिबिर शिरड शहापूरला चाललं आहे. माझ्या झाकणाच्या आत सुकन्याताईंनी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं आहे: "इथं ४११च."

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र बिघडलं तर त्याला लगेच भंगारात घालू नका. त्याच्या पोटात काय मोडलं आहे ते आधी बघा. मोडलेल्या जागी दुसरं बसवताना नुसतं रूप पाहून घेऊ नका, ते काय सोसतं, काय सांभाळतं आणि कोणता इशारा कसा घेतं, हे विचारून घ्या. माझी वायर गुंडाळाल तेव्हा पिळू नका. माझ्या डोक्यावर पंखा ठेवू नका.

आणि तुमच्या वर्गात एखादं पोरगं हाकेला ओ देत नसेल, तर त्याला नाव ठेवायच्या आधी एवढं करा. उठा, त्याच्या दुसऱ्या बाजूला जा आणि पुन्हा एकदा हाक मारा.